रकान्यातलं आधीचं नाव

मधुवंतीने रकान्याच्या नावाऐवजी त्याचा नंबर टाकला, तेव्हा कुठे प्रोग्रॅम चालला. नावाने हाक मारली तर तो ओ देत नव्हता. कचेरीतल्या बाबूसारखा आधी नंबर मागायचा.

‘चूक कोणाची’ हा रकाना तक्रारींच्या सिस्टिममध्ये सिंगापूरमधल्या पाया लेबारच्या या ऑफिसने स्वतः जोडलेला. दोन हजार तक्रारी एकेक करून कोण उघडणार? म्हणून हा प्रोग्रॅम. कोणाच्या नावावर किती चुका, ही यादी मॅनेजर स्मिताला जेवणाआधी हवी होती. या महिन्यात तिघांचे वर्क पास, म्हणजे इथे राहून काम करायचे परवाने, संपत होते आणि कंपनी दोघांनाच ठेवणार होती.

स्क्रीनवर आकडे आले. धवल नऊ. मधुवंती चार. निशिकांत एकवीस.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. निशिकांत म्हणजे एक स्वल्पविरामही दोनदा तपासणारा माणूस. आणि ती पुस्तकं उघडून, चुकतमाकत प्रोग्रॅमिंग शिकलेली. तिच्या चारच?

तिने त्याच्या नावावरची एक तक्रार उघडली. पासिर रिसला दोनदा गेलेली पार्सलं. ही चूक तिची होती; तेव्हा दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं. खाली बदलांची नोंद होती. आधी मधुवंती, नंतर निशिकांत. बदल करणारा, निशिकांत. तारीख ऑगस्ट २०१३ची, तिचा पास पहिल्यांदा वाढवायचा होता त्याच आठवड्यातली.

“झाली का आमची पत्रिका?” निशिकांत खालच्या हॉकरच्या टपरीवरून कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आला होता. एक कप त्याने तिच्यापुढे ठेवला.

“होतेय. निशिकांत, पासिर रिसची पार्सलं आठवतात तुम्हाला?”

“छे. जुनं काही राहतच नाही बघ डोक्यात.” त्याने कोपीवर फुंकर घातली. मग मुलगी जाई बारावीला आहे, इथली शाळा आता मध्येच सुटायला नको, एवढं तिच्या कीबोर्डकडे बघत बोलला आणि जागेवर गेला.

मधुवंतीने प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: नाव बदललेलं असेल तर पहिलं घ्यावं. पुन्हा चालवला.

धवल नऊ. निशिकांत सहा. मधुवंती एकोणीस.

तिने बेरीज ताडून पाहिली, यादी स्मिताला पाठवली आणि कप उचलला. कोपी गार झाली होती. साखर मात्र तिला लागते तेवढीच होती.