पुढचं डावं चाक

सरुबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढं गेलं होतं. एकदा त्यांची साखर वाढली म्हणून, आणि एकदा 'भुईमूग निघाल्याशिवाय मी कुटं येत न्हाय' असं त्यांनीच जाहीर केलं म्हणून. तिसऱ्यांदा तारीख मिळाली तेव्हा त्यांच्या लेकीनं, क्रांतीनं, बोलण्यात वेळ घालवला नाही. शाळेत रजा टाकली, आदल्या दिवशी उचगावहून गाडी काढून मलकापूरला माहेरी मुक्कामाला गेली आणि सकाळी आईला पुढच्या सीटवर बसवून, पट्टा लावून कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. दुपारच्या आत दवाखान्यात पोचायचं होतं.

गाडीच्या चाकातून करकर आवाज येतोय हे तिला आठवड्यापूर्वीच जाणवलं होतं. पण माहेरच्या वाटेवर रत्नागिरी रस्त्याचं काम चाललेलं, सगळीकडं खडी आणि मुरूम. अडकला असेल एखादा खडा, असं म्हणून तिनं सोडून दिलं होतं. गाडी तशी नवीच होती. अजून वॉरंटी संपली नव्हती.

बांबवडे मागं पडलं आणि करकर वाढली. ब्रेकवर पाय ठेवला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखं व्हायचं आणि गाडी हळूच डावीकडं ओढ घ्यायची. सरुबाईंना समोरचं धड दिसत नव्हतं, पण कान तिखट होते.

"क्रांते, काय वाजतंय गं?"

"काय न्हाय आये, खडी हाय."

"खडी असती तर पडली असती एव्हाना. आणि वास कसला येतोय?"

वास क्रांतीलाही येत होता, जळका. रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं शेड दिसलं. बाहेर ट्रॅक्टरची मोठी टायरं रचलेली, आत कुणीतरी रेडिओ लावलेला. तिनं गाडी हळूहळू तिकडं घेतली. थांबताना एवढा कर्कश आवाज झाला की शेडमधला माणूस हातातला पाना तसाच घेऊन बाहेर आला.

त्याचं नाव पिराजी. पन्नाशीचा, अंगानं आडवा, बोलायला फटकळ.

"काय ओ ताई, गाडी हाय का गिरण?"

क्रांतीनं सगळं सांगितलं. पिराजीनं पुढच्या डाव्या चाकाजवळ वाकून तळहात धरला आणि झटक्यात मागं घेतला. चाक तापून लाल झालं नव्हतं एवढंच. मग तो उजव्या चाकाकडं गेला. ते कोमट होतं. दोन-तीनदा इकडून तिकडं जाऊन त्यानं बॅटरीच्या उजेडात चाकाच्या फटीतून आत बघितलं आणि उभा राहिला.

"ब्रेकचं पॅड पार संपलंय ह्या बाजूचं. पण एकाच बाजूचं का संपलं, ते मला कळंना झालंय."

"मग बदलून द्या की. मला घाई आहे. आईचं ऑपरेशन आहे."

पिराजीनं मान हलवली. "ताई, खरं सांगू का? मी ट्रॅक्टर करतो, जुन्या जीपा करतो. ह्या नव्या गाडीचं मला येत न्हाय. पॅड घालीन बी एकादं, पण मूळ दुखणं तसंच ऱ्हायलं तर? पुढं वाघबीळची उतरण हाय. म्हातारं माणूस हाय गाडीत." मग त्यानं विचारलं, "वॉरंटी हाय?"

"आहे."

"मग तर मी हातच लावत न्हाय. उद्या शोरूमवाले म्हणतील बाहेर उघडलीया गाडी. त्यांनाच उचलून न्हेऊ दे. फोन लावा त्यांना."

क्रांतीनं फोन लावला. गाडी उचलायला माणसं येतील, पण वेळ लागेल, असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा तारीख चुकली तर आई पुन्हा तयार होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सरुबाईंनी तर सुरुवातच केली होती. "ऱ्हाऊ दे गं. नशिबातच न्हाय ते. पुढच्या महिन्यात बघू."

"काय पुढच्या महिन्यात, मावशी?" पिराजी म्हणाला. "थांबा जरा."

तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. दोन मोटारी गेल्या, त्यांना त्यानं हात केला नाही. मग दुधाचे कॅन भरलेला एक टेम्पो येताना दिसला तसा तो थेट रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात वर केले. टेम्पोवाल्यानं शिव्या देतच ब्रेक मारला. शिव्यांवरून दोघांची जुनी ओळख असावी.

"जोत्या, मावशींना डोळ्याच्या दवाखान्यात सोडायचं. दारात सोडायचं, स्टॅण्डवर न्हाय."

जोतीराम टेम्पोवाल्यानं एकदा मागच्या कॅनकडं बघितलं, एकदा सरुबाईंच्या पांढऱ्या झालेल्या डोळ्याकडं बघितलं. "आधी दूध उतरू का आधी मावशी?"

"आधी मावशी."

"बसा की मग. सरकून घ्या, गिअरला पाय लागू देऊ नगासा."

क्रांतीनं गाडीची किल्ली पिराजीच्या हातात दिली. ज्याचं आडनावही ठाऊक नाही अशा माणसाकडं गाडी सोपवून आपण निघालोय, हे तिच्या ध्यानात आलं ते टेम्पो वाघबीळच्या वळणावर आला तेव्हा. उजवीकडं खोल उतार होता. जोतीराम कमी गिअरमध्ये सावकाश गाडी उतरवत होता आणि समोर एक उसाचा ट्रॅक्टर एकदम आडवा आला तेव्हा त्यानं दाबलेला ब्रेक जागच्या जागी लागला. क्रांतीनं डोळे मिटून घेतले. आपण आपल्या गाडीत असतो तर, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. तिनं आईचा हात धरला. सरुबाई मात्र जोतीरामला म्हशीचं दूध किती फॅटनं जातं ते विचारत होत्या.

दवाखान्याच्या दारात उतरल्यावर क्रांतीनं पर्स उघडली तसा तो म्हणाला, "दुधाची गाडी हाय ओ ताई. माणसांचं भाडं घेत न्हाय." आणि गेला.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा सरुबाईंनी समोरच्या नर्सला पहिलं वाक्य ऐकवलं ते, "बाई, तू लईच बारीक हायेस, जेवतीस का न्हाय?" क्रांती हसली आणि लगेच तिला रडूही आलं.

गाडी तोवर हायवेकडेच्या शोरूमच्या वर्कशॉपला पोचली होती. आईला उचगावला घरी आणून, डोळ्यात औषध घालून क्रांती तिथं गेली. काउंटरला सोनम नावाची सर्व्हिस ॲडव्हायजर होती. चोविशी-पंचविशीची मुलगी, केस घट्ट बांधलेले, कानात फोनची तार.

"मॅडम, पुढचे पॅड पूर्ण गेलेत. पॅड जिला घासतं ती चाकातली डिस्कही खराब झाली आहे. दोन्ही बदलावी लागतील."

"वॉरंटीत होईल ना?"

"नाही मॅडम. पॅड हा झिजणारा भाग आहे. तो वॉरंटीत येत नाही. आणि पॅड वेळेत न बदलल्यामुळं डिस्क गेली, म्हणजे तीही येत नाही."

हे वाक्य ती दिवसातून अनेकदा म्हणत असावी, इतकं ते सपाट आलं. दोन दिवसांची दगदग, दवाखान्यातलं जागरण, वाघबीळचा तो उतार, सगळं त्या एका वाक्यावर निघालं. क्रांतीचा आवाज चढला. "वेळेत म्हणजे काय? प्रत्येक सर्व्हिसिंग मी इथंच केलंय! नवी गाडी आहे! माझी आई त्या गाडीत होती, कळतंय का तुम्हाला? एकाच बाजूचं पॅड कसं काय झिजतं? मी काय डाव्या पायानं वेगळा ब्रेक दाबते का?"

सोफ्यावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. सोनमनं कानातली तार काढली. क्रांतीला वाटलं, आता ही मॅनेजरला बोलावणार. पण ती काउंटरच्या बाहेर आली.

"एकाच बाजूचं? मला पुढचे पॅड गेले एवढंच वर्कशॉपमधून कळलंय. चला मॅडम, आपण दोघी बघून येऊ."

वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढवून ठेवलेली होती. सोनमनं मेकॅनिकला विचारून उजवं चाक हातानं फिरवलं. ते सहज गरगरलं. मग डावं फिरवायला गेली. चाक जागचं हललं नाही. तिनं दोन्ही हात लावले, जोर केला, तेव्हा ते घासत, कण्हत, पाव फेरा फिरलं.

"ब्रेकवर कुणाचा पाय नाही," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. "तरी धरून ठेवलंय."

मेकॅनिकनं चाक काढून दाखवलं. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ब्रेक सोडल्यावर मागं सरकायला हवा, तो आतल्या आत अडकला होता. म्हणजे क्रांतीनं पाय काढला तरी त्या एका चाकाला ब्रेक लागलेलाच राहत होता, रोज शाळेला जाता-येता, आणि उचगाव ते मलकापूर सगळा रस्ता. पॅड झिजून लोखंड उरलं ते त्यामुळं.

"पॅड झिजले म्हणून बिघाड झाला असं मी म्हणाले," सोनम म्हणाली. "उलटं आहे. बिघाड आधीचा आहे. कॅलिपर वॉरंटीत येतो. डिस्क त्याच्यामुळं गेली, तर तीही यायला पाहिजे. मी मागते कंपनीकडं."

वर्कशॉपचे मॅनेजर अमरसिंह मागं येऊन उभे राहिले होते. चांगला माणूस, पण असल्या प्रकरणांनी दमलेला. "सोनम, डिस्क ते देत नाहीत. उगाच मॅडमना आशा लावू नकोस."

"विचारून बघते सर."

क्रांती घरी गेली. तिला फारशी आशा नव्हती. पुढचे काही दिवस ती रिक्षानं शाळेला गेली, येताना आईसाठी भाजी आणली, ठरल्या वेळी औषध घातलं. सरुबाई खिडकीत बसून समोरच्या इमारतीत कोण काय वाळत घालतंय ते सांगायच्या.

सोनमचा फोन आला. "मॅडम, कंपनीनं डिस्कला नाही म्हटलंय. मी परत पाठवलंय. दोन्ही चाकांचे पॅड शेजारी शेजारी ठेवून फोटो काढले, चाक फिरत नाही त्याचा व्हिडिओ काढला. तुम्हाला आणखी थांबावं लागेल, म्हणून कळवलं."

क्रांतीनं विचारलं, "तुम्ही एवढं कशाला करताय? त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले."

"मी त्या चाकाला हात लावून बघितलाय ना मॅडम," सोनम म्हणाली. "आता नाही असं लिहून आलं तरी मला ते पटेना."

दुसऱ्या खेपेला कंपनीनं मान्य केलं. कॅलिपर आणि डिस्क वॉरंटीत, पॅड मात्र क्रांतीच्या खर्चानं. ते तिला रास्तच वाटलं. उजव्या बाजूचे पॅड थोडे शिल्लक होते, पण जोडीनंच बदलायचे असतात म्हणून दोन्हीकडचे नवे घातले.

गाडी न्यायला ती गेली तेव्हा अमरसिंहांनी स्वतः किल्ली आणून दिली. "मी म्हटलं होतं होणार नाही. पोरीनं ऐकलं नाही माझं. बरं झालं ऐकलं नाही." सोनम दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. क्रांती तिच्यासाठी थांबून राहिली. काय बोलायचं ते तिनं रिक्षात बसून ठरवलं होतं, ते सगळं ऐन वेळी विसरलं. तिनं सोनमचा हात दोन्ही हातांत धरला. "त्या दिवशी ओरडले, चुकलं माझं. आणि तुमच्यामुळं..." "नव्या पॅडवर सुरुवातीला जोरात ब्रेक मारू नका मॅडम," सोनम म्हणाली. "बसू द्या त्यांना नीट."

पंधरवड्यानं सरुबाईंना मलकापूरला पोचवायचं ठरलं. वाघबीळ चढून गेल्यावर पत्र्याचं शेड आलं तशी क्रांतीनं गाडी बाजूला घेतली. या वेळी आवाज झाला नाही, त्यामुळं पिराजी बाहेर आला नाही. त्या दोघीच आत गेल्या. तो ट्रॅक्टरखाली पाठीवर पडला होता, फक्त पाय दिसत होते.

"कोण हाय?"

"ती गिरण घेऊन आलती ती मी."

पिराजी सरपटत बाहेर आला. सरुबाईंनी जवळ जाऊन त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मला वाटलंतं तू काळा असशील. आवाज तसा हाय तुझा."

"मावशी, हे तेलानं काळे झालेले हात बघा, मग सांगा," तो हसत म्हणाला. मग क्रांतीकडं वळला. "काय निघालं ओ शेवटी? माझ्या डोक्यातनं जाईना ते. एकच बाजू का झिजली?"

क्रांतीनं सांगितलं. कॅलिपर कसा अडकला होता, चाक कसं फिरत नव्हतं. तो लक्ष देऊन ऐकत होता. तिला दोनदा थांबवून त्यानं परत विचारलं. जमिनीवर बोटानं गोल काढून नेमकं कुठं अडकतं ते समजून घेतलं.

"आसं व्हय," तो म्हणाला. "मला काय ह्यातलं कळलं नव्हतं बगा. नुसता आवाज लई वाईट वाटला."

"तुम्ही त्या दिवशी 'मला येत नाही' म्हणालात, म्हणून आम्ही आज इथं आहोत," क्रांती म्हणाली. "पॅड घालून दिले असते तर मी तशीच पुढं उतारावर गेले असते."

पिराजी अवघडला. पाना उचलून त्यानं फडक्यानं पुसला, परत खाली ठेवला. "येत न्हाय ते येत न्हाय म्हणायचं, त्यात काय. चहा घेणार का?"

चहा झाला. जोतीराम आता संध्याकाळच्या फेरीला जातो, असं पिराजीकडून कळलं, तेव्हा त्याला डोळा बरा झाल्याचा निरोप सांगा, असं सरुबाईंनी दोनदा बजावलं. निघताना पिराजी म्हणाला, "किल्ली द्या की जरा." तो गाडीत बसला, रस्त्यावर थोडं पुढं गेला, ब्रेक मारला, मागं आला, परत मारला. काच खाली करून त्यानं कान बाहेर काढला होता.

सरुबाई शेडच्या सावलीत उभ्या राहून बघत होत्या. "लेकराला किती आनंद झालाय बघ," त्या म्हणाल्या.

तो परत आला, उतरला आणि दार अलगद लावलं. "ब्येस झालीया," तो म्हणाला. "जावा आता निवांत."