टायरमधला श्वास

पाच वाजले की इस्पितळाच्या हिरवळीवर माणसं जमायची. हाताला सलाइनची सुई तशीच चिकटवलेले रुग्ण, त्यांचे नातेवाईक, धुलाईखान्यातली मंडळी, आणि अगदी मागे, आपण कुणाला दिसू नये पण आपल्याला सगळं दिसावं अशा बेताने उभे असलेले दोन डॉक्टर. मधोमध एक लाल गाडी, वर बसून गवत कापायची. तिच्या पुढच्या डाव्या चाकासमोर श्वासमहाराज मांडी ठोकून बसलेले.

महाराजांनी डोळे मिटले आणि फवाऱ्याच्या बाटलीतलं 'शांतिजल' टायरवर उडवलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग टायरची कड लोखंडी रिमला जिथे भिडते तिथे एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्याच्यामागून दुसरा आला.

"श्वास घेतोय!" महाराज कळवळून ओरडले. "बघा, बिचारा अजून श्वास घेतोय!"

गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. मागच्या एका डॉक्टरने चक्क हात जोडले. माणसांचे श्वास मोजण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती, पण टायर हा विषय बहुधा त्याच्या अभ्यासक्रमात नसावा.

कडेला दुकानातली हत्यारांची पिशवी आणि पंप घेऊन पंक्चरताई उभी होती. चौकातलं टायरचं दुकान बारा वर्षं ती एकटीने चालवत होती, आणि ज्याचा श्वास इथे चालला होता तो तिचा सख्खा थोरला भाऊ. त्याने अठरा वर्षं ही गाडी चालवली आणि दोन महिन्यांपूर्वी हृदय बंद पडून तो गेला. इस्पितळाने त्याच्या जागी वहिनीला नोकरी दिली, म्हणून गेटजवळची खोलीही तिच्याकडे राहिली. मधे महिनाभर गाडी पावसात उभी होती. ती बाहेर काढल्यापासून रोज सकाळी तेच एक चाक जमिनीला टेकलेलं असायचं. इस्पितळाच्या वायरमनने टायर बोटाबोटाने चाचपला. खिळा नाही, काटा नाही, मग हवा जाते कुठे? हा प्रश्न अधीक्षकसाहेबांपर्यंत वर गेला, तिथे उत्तर नव्हतं म्हणून खाली आला, आणि एका रुग्णाला भेटायला आलेल्या महाराजांनी तो अलगद झेलला.

पंक्चरताईला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. पंक्चर असतं तर बोलावलं असतं. हा आत्मा होता! आठ दिवस हा तमाशा चालला होता आणि तिला तो कळला आज दुपारी, एका गिऱ्हाइकाकडून.

आता प्रश्नोत्तरं सुरू झाली. तुरळक बुडबुडे म्हणजे नाही, भराभर आले म्हणजे हो. महाराज उठले, भावना अनावर झाल्यासारखे दोन्ही हात गाडीच्या बॉनेटवर टेकून ओणवे झाले.

"सांग बाळा, बायको तुझ्या गाडीवर बसते, त्याचा तुला त्रास होतो का?"

टायर फसफसला.

"तिने ही नोकरी सोडावी? गेटजवळची खोली सोडावी?"

आणखी फसफसला.

"माझा शिष्य त्या खोलीत राहून तुझी सेवा करील. चालेल?"

यावर तर फेसच आला. नेमणुका आणि खोल्यांच्या वाटपाबाबत मृतात्म्याची मतं फारच स्पष्ट होती.

अधीक्षकसाहेबांनी राजीनाम्याचा टाइप केलेला कागद पुढे केला. वहिनीने पेन घेतलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने सही केली की आज नोकरी गेली आणि उद्या डोक्यावरचं छप्पर.

खरं सांगायचं तर त्या एका क्षणी पंक्चरताईलाही वाटलं, असू दे ना दादा ह्यात. तिला त्याच्याशी खूप बोलायचं राहिलं होतं. ती गर्दीतून वाट काढत पुढे झाली, चाकाशी वाकली, आणि तिच्या नाकात लिंबाचा वास शिरला. भांडी घासायच्या साबणाचा वास! ती दुकानात दिवसातून वीस वेळा हेच साबणपाणी टायरवर मारायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वहिनी, सही करू नकोस."

"वन्सं, ते स्वतः सांगताहेत हो."

"मग मलाही विचारू दे. सख्खी बहीण आहे मी." तिने महाराजांसारखेच हात बॉनेटवर टेकले. "दादा, आपण भावंडं सात ना?"

टायर फसफसला. गर्दी थरारली. वहिनीचा चेहरा मात्र बदलला. "सात कुठली? तुम्ही दोघंच."

"मेल्यावर वाढली असतील. बरं दादा, हे महाराज लबाड आहेत का?" असं म्हणून तिने सगळं अंग बॉनेटवर टाकलं. फेस जमिनीपर्यंत ओघळला. कुणीतरी फिसकन हसलं.

"परक्या स्पर्शाने आत्मा भ्रमिष्ट होतो!" महाराज गरजले.

"बरं, आत्म्याला विश्रांती देऊ. तुमची मोटार बघू या."

महाराजांची पांढरी मोटार शेजारीच होती. पंक्चरताईने तिच्या एका चाकाचा व्हॉल्व्ह अर्धा आटा सैल केला आणि वर शांतिजल उडवलं. व्हॉल्व्हच्या तोंडावर टपोरे बुडबुडे आले.

"ह्यात कोण हो, महाराज?"

महाराज गडबडले. "हे... हे आमचे गुरुदेव असतील."

"म्हणजे रोज गुरुदेवांवर बसून हिंडता?"

हशा असा पिकला की वॉर्डाच्या खिडक्या उघडल्या. मघाचा डॉक्टर आपले जोडलेले हात खिशात लपवायला लागला. महाराजांना एकाएकी दुसरीकडचं काम आठवलं. "थांबा, आटा घट्ट करून देते," असं पंक्चरताई म्हणेपर्यंत ते निघालेसुद्धा, आणि गुरुदेव फुसफुसत गेटाबाहेर पडले.

मग तिने जॅक लावून चाक काढलं आणि टायरची कड रिमवरून सोडवली. रिमवर गंजाचा जाड थर होता, बोट लावलं की पापुद्रे पडत होते.

"ही बघा तुमची भुताटकी. टायर धडका आहे, म्हणून खिळा सापडला नाही. गंजामुळे कड नीट बसत नाही, फटीतून हवा जाते. बॉनेटवर भार दिला की फट फाकते आणि जास्त जाते. साबणपाणी ती फक्त दाखवतं. दादा दर पंधरवड्याला ही कड घासून पुसून ठेवायचा." ती वहिनीकडे वळली. "वहिनी, तो ह्यात बसलाय म्हणून हवा जात नाही गं. तो गेला आणि त्याचं हे काम कुणी केलं नाही, म्हणून जाते."

वहिनीने गंजावर बोट फिरवून पाहिलं. "मग आठ दिवस मी बोलत होते कुणाशी?"

"फटीशी."

वहिनीने पंक्चरताईच्या हातातला तारेचा ब्रश ओढून घेतला आणि ती रिम घासायला लागली. अशी घासली की बघणाऱ्यांनी दोन पावलं मागे घेतली. लोखंड चकाकल्यावर दोघींनी कडेला रबराचा काळा लेप लावला, टायरभोवती दोर आवळून पंप मारला. कड फट्‌दिशी जागेवर बसली. वहिनीने साबणपाणी मारलं, बॉनेटवर अंग टाकून पाहिलं. एकही बुडबुडा नाही.

"म्हणजे आता श्वास नाही घेणार?" एका बाईंनी हिरमुसून विचारलं.

पंक्चरताईने कपाळावर हात मारला. "अहो मावशी, साबण तुमच्याही घरी आहे, आणि नाक तुम्हालाही आहे. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी जरा वाकून हुंगून तरी बघा. तोच प्रयोग दुसऱ्या टायरवर करून बघा. आणि डोकं एवढंही चालत नसेल, तर निदान विचारा, ह्यात कुणाची खोली रिकामी होणार आणि तिथे राहायला कोण येणार?"

ह्यावर अधीक्षकसाहेबांनी कागदाची घडी घातली आणि ते ती कोणत्या खिशात ठेवावी ह्याचा विचार करू लागले.

वहिनीने डोळे कोपराने पुसले, कारण हात काळे होते. ती गाडीवर बसली आणि तिने इंजिन सुरू केलं. माणसं अजून तशीच उभी होती, पुढे काहीतरी होईल या आशेने.

"सरका सगळे," ती ओरडली. "आठ दिवस झाले, कुणी गवत कापलेलं नाही."

सगळ्यांत आधी डॉक्टर बाजूला झाले.