पुसता न येणारे वाक्य

मित्रांनो, मी एका जागी टांगून ठेवलेला फळा नव्हे. बंगळूरच्या शिवाजीनगरात विश्वेश्वर सुताराने खोक्यांच्या फळ्या रंध्याने तासून मला घडवले आणि मधे बिजागऱ्या बसवून घडीचा केले, कारण मला फिरायचे होते. ते दिवसच तसे होते. देश नवा होता, आणि मोठ्या माणसांनाही लिहा-वाचायला शिकवायचे, असे जिकडेतिकडे बोलले जात होते. अक्षरसेवा मंडळ नावाच्या संस्थेने मला घेतले आणि भाग्यलक्ष्मी नावाच्या स्वयंसेविकेच्या हाती दिले.

भाग्यलक्ष्मी कॉलेजात शिकत होती. तिचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. वडील खंडोजी चिकपेटेत लुगड्यांचे दुकान चालवत. ती मला काखेत मारून बसमध्ये चढे, तेव्हा कंडक्टर कुरकुर करी आणि ती त्याला तिथल्या तिथे साक्षरतेवर भाषण देई. इतका तिचा उत्साह होता.

राजाजीनगरात तेव्हा नवी घरे उठत होती. त्या कामावरच्या बायका मागच्या पत्र्याच्या झोपड्यांत राहत. बऱ्याचजणी निपाणीकडच्या होत्या. संध्याकाळी डोक्यावरची घमेली उतरली की त्या माझ्यासमोर येऊन बसत. त्यात सगळ्यांत पुढे ठकुबाई आणि तिच्या मांडीवर तिची लहानगी चंपा. चुन्याने भेगाळलेल्या ठकुबाईच्या बोटांत खडू सारखा मोडे.

“ठकुअक्का, स्वल्प सैल धर. खडू काही पळून जात नाही,” भाग्यलक्ष्मी म्हणे.

“वीट बसती बाई माज्या हातात, ह्यो बसत न्हाई,” ठकुबाई हसून म्हणे. पण पुन्हा खडू उचले.

तिला कन्नडची काही अक्षरे ओळखू येऊ लागली होती, जोडून वाचता मात्र येत नव्हते. तेवढ्यात मंडळाचे चिटणीस जयतीर्थ छायाचित्रकाराला घेऊन आले. खडूचे अक्षर फोटोत फिके येईल, म्हणून त्यांनी पेंटरकडून माझ्यावर पांढऱ्या तैलरंगाने लिहून घेतले, ‘नानु ओदुत्तेने’, म्हणजे ‘मी वाचते’. भाग्यलक्ष्मीने ठकुबाईच्या हातावर हात ठेवला, दोघी हसल्या आणि फोटो निघाला.

माणसे गेल्यावर ठकुबाईने पदराने ते वाक्य पुसून पाहिले. ते हलले नाही.

“आता आमी लिवायचं कुटं?” तिने विचारले.

“नवा फळा येईल,” भाग्यलक्ष्मी म्हणाली. ते तिला खरेच वाटत होते.

नवा फळा आला नाही. तो फोटो मात्र वर्तमानपत्रात आला, मग कॅलेंडरवर, मग सिनेमागृहांच्या पडद्यावर. खंडोजींनी कॅलेंडर दुकानात गादीच्या वर लावले. गिऱ्हाइके लुगडी सोडून तेच पाहू लागली. मंडळ भाग्यलक्ष्मीला सभांना नेऊ लागले, आणि तिच्याबरोबर मलाही. मी व्यासपीठांवर उभा राहिलो, माझ्याभोवती झेंडूच्या माळा पडल्या. मित्रांनो, माझे फार कौतुक झाले. पण खडूचा स्पर्श मला कुणी केला नाही.

“राजाजीनगरला कधी जायचं?” भाग्यलक्ष्मी विचारी.

“सरी सरी, बरं आहे, पुढच्या आठवड्यात पाहू. फोटो पाहूनच कॉलेजातली मुलं स्वयंसेवक म्हणून भरती होतात. तुम्ही एकाच वस्तीत बसून राहिलात, तर बाकीच्यांचं काय?” जयतीर्थ म्हणत. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण भाग्यलक्ष्मीला चैन पडेना. ती घरातल्या घरात येरझारा घाली, चुकीच्या बसमध्ये चढे आणि मधल्याच थांब्यावर उतरून उभी राही.

वार्षिक समारंभ आला. ठकुबाईने व्यासपीठावर येऊन ‘मी वाचते’ हे वाक्य वाचून दाखवायचे, असे ठरले. तिला आणायला भाग्यलक्ष्मी मला घेऊन वस्तीत गेली. ठकुबाई झोपडीपुढे बसली होती. शेजारी चंपा निजली होती. तिच्या ओठांभोवती भाजल्यासारखे डाग होते.

“काय झालं, अक्का?”

ठकुबाईने पोरीच्या तोंडावरची माशी उडवली. मग म्हणाली, “पोरीला खोकला हुता, गुडघ्याला सूज हुती. दवाखान्यात दोन बाटल्या दिल्या. नर्सबाई म्हनली, ‘तू फोटोतली नव्हं? मग बाटलीवरची चिठ्ठी वाच की.’ भिंतीवर माजाच फोटू हुता, बाई. समद्यांम्होरं न्हाई कसं म्हनू? लावायचं अवशीद पाजलं मी तिला.”

भाग्यलक्ष्मी मातीतच बसली.

“वाचली. आवाज तेवडा बसलाय,” ठकुबाई म्हणाली. “जा तू. तुजी लोकं वाट बघत असतील.”

भाग्यलक्ष्मी फक्त मला घेऊन सभेला गेली आणि बोलायला उभी राहिली. “मी ठकुबाईला वाचायला शिकवलेलं नाही. चार अक्षरं शिकवली आणि तिला सोडून आले.”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटले, केवढी ही नम्रता! ती हात वर करून थांबवू लागली, तर टाळ्या आणखी वाढल्या. तिने चंपाचे नाव घेतले, तोवर पाहुणे हार घेऊन पुढे झाले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिच्या विनयाबद्दल छापून आले.

“चार लोक कौतुक करतात, ते तुला बोचतं कशाला?” खंडोजींनी विचारले.

“खोटं आहे ते, अण्णा. त्या खोट्यानं एक पोर मरत होती.” तिने त्यांना सगळे सांगितले.

तिने मंडळ सोडले. मंडळाने नवे मोठे फळे केले होते, म्हणून तिने मला मागितले तेव्हा जयतीर्थांनी मुकाट्याने देऊन टाकले. परसात बसून ती काचकागदाने माझ्यावरचा रंग खरवडू लागली. मला फार लागले, पण मी मनात म्हणत होतो, थांबू नकोस. तिची बोटे सोलवटली तेव्हा खंडोजींनी कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः खरवडायला बसले. दुकानातले कॅलेंडर त्यांनी त्या दिवशीच उतरवले.

आम्ही राजाजीनगरला परत गेलो. बाकीच्या बायका आल्या. ठकुबाई आमच्यासमोरून घमेले घेऊन जाई, पण मान वळवत नसे. भाग्यलक्ष्मी रोज जात राहिली. एका संध्याकाळी ठकुबाई येऊन उभी राहिली.

“बाटलीवर काय असतंय, ते लिव्ह. दोनी शेजारी शेजारी.”

भाग्यलक्ष्मीने लिहिले, ‘कुडियलु’ म्हणजे प्यायला, ‘हच्चलु’ म्हणजे लावायला. ठकुबाई कितीतरी वेळ त्या शब्दांकडे पाहत राहिली. मग खाली बसली आणि तिने खडू मागितला.

पुढे घरे बांधून झाली. जोडाक्षरे अजून शिकायची होती. एका सकाळी ठकुबाई चंपाचे बोट धरून, विचारत विचारत चिकपेटेत दुकानी आली. खंडोजींनी तिला गादीवर बसवून पाणी दिले.

“आमचा मुक्काम दुसऱ्या कामावर हलतोय, बाई,” ती म्हणाली. “तू येशील, नि झोपड्या नसतील. उगं शोधत फिरशील, म्हनून सांगाय आले.”

भाग्यलक्ष्मीने चंपाला जवळ घेतले. मग डोळे पुसत तिने विचारले, “तिकडे बस जाते का?”

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, उन्हापावसापासून जपा, असे मी तुम्हाला सांगत नाही. माझे मागणे वेगळे आहे. ज्याला शिकवायला बसाल, त्याचे शिकणे संपण्याआधी त्याचे कौतुक भिंतीवर लावू नका. आणि मधूनच उठावे लागले, तर सांगून उठा. तुमच्या मागे कुणीतरी हातपाय धुऊन, पोते अंथरून, अंधार पडेपर्यंत रस्त्याकडे पाहत बसलेले असते.