शेवटच्या माणसाचं वल्हं

"हे धरा," ग्लेनिस म्हणाली. "मागे कुणी उभं राहायला आलं तर दाखवायचं. रांग इथं संपली."

हातभर लांबीचं लाकडी वल्हं होतं ते. त्यावर पांढऱ्या रंगात 'शेवटचा माणूस' असं लिहिलेलं. नळाजवळच्या तिसऱ्या खांबापाशी उभ्या असलेल्या लोसानं ते घेतलं, आणि लगेच तिच्या आईनं तिच्या हातून काढून घेतलं.

"म्हणजे आमचा नंबर लागणार ना नक्की?" लोसानं विचारलं. "दीड तास झाला. आईचे गुडघे आता माझंही ऐकत नाहीत."

"वल्हं हातात आहे ना, मग घोर नको. शेवटची होडी याचीच."

"पुढची सीट माझी," म्हातारी म्हणाली. "ही बसेल मागे. कालच केस करून आलीय, भिजायला नको महाराणींना."

या म्हातारीचं नाव सीउलागी. सव्वीस वर्षं तिनं गोल्ड कोस्ट शहराच्या अलीकडे एका कारखान्यात कोंबड्या साफ केल्या. रोजची बस या मनोरंजन पार्कच्या कुंपणाला लागून असलेल्या सिग्नलला थांबायची. खिडकीतून ओंडक्याच्या आकाराची होडी पाण्याच्या घसरगुंडीवर उंच चढताना दिसायची. ती खाली कोसळायच्या आतच सिग्नल हिरवा व्हायचा. सव्वीस वर्षांत त्या होडीचं पुढं काय होतं ते तिला कळलं नव्हतं. परवा ती कायमची सामोआला, आपल्या देशी, परत जाणार होती. लोसा काम करते त्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात सोडत निघाली, त्यात तिला पार्कची दोन तिकिटं लागली, म्हणून आजचा दिवस. रांग चुकवायचा पास मात्र सोडतीत नव्हता.

"सव्वीस वर्षं?" ग्लेनिस म्हणाली. "मग मी तुम्हाला इथून बघितलंही असेल."

"बसमधल्या बाईला कोण बघतं, पोरी?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी पोरी म्हटलं की बरं वाटतं. ग्लेनिस हसत आपल्या फाटकाकडे परतली.

तिचं काम म्हटलं तर काहीच नव्हतं. डाव्या बाजूला साधी रांग, उजव्या बाजूला हिरव्या पट्ट्यावाल्यांची, म्हणजे पास घेतलेल्यांची. दोन मिनिटांनी एक होडी, होडीत चार जागा. कुठली दोरी कधी उचलायची एवढंच तिनं ठरवायचं. तेही तिनं नाही, कार्यालयानं. पण लोक शिव्या द्यायचे ते तिला. पास नव्हते तेव्हाही द्यायचेच, पण तेव्हा सगळे मिळून द्यायचे. आता अर्धे देतात आणि अर्धे तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

वल्ह्याची पद्धत पासांच्या आधीची. सव्वाचारला तिसऱ्या खांबापाशी जो असेल त्याच्या हाती वल्हं द्यायचं. तो पाचच्या शेवटच्या होडीत बरोबर बसतो. बसताना वल्ह्याची दोरी मनगटात अडकवतो, नखशिखांत भिजून बाहेर येतो आणि ते परत करतो. मग ग्लेनिस खिडकीखालचा जुना टॉवेल काढते, वल्हं पुसते आणि खिळ्याला टांगते. लाकूड ओलं राहिलं की कुजतं. एकवीस वर्षांत यात खंड पडला नव्हता.

साडेचारला तिनं रांगेकडे पाहिलं. रांग हललीच नव्हती म्हणा ना.

सुट्टीची गर्दी म्हणून त्याच सकाळी नियम बदलला होता. कालपर्यंत एक होडी पासवाल्यांची, एक साध्यांची. आजपासून दोन पासवाल्यांच्या, मग एक साधी. दिवसभर तिनं दोरी नव्या नियमानं उचलली, त्यात चूक नाही. पण वल्हं द्यायला निघालेले पाय जुन्याच खांबापाशी जाऊन थांबले. खांबाला काय ठाऊक नियम बदलला ते.

तिनं हिशेब केला. चार होड्या कमी पडत होत्या.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. चूक झाली, वल्हं परत द्या, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण म्हातारी वल्हं खांद्याला लावून, पहारेकऱ्यासारखी उभी राहून मागून येणाऱ्यांना परतवत होती. ग्लेनिसला धीर झाला नाही. तिनं दुसरा मार्ग धरला. मधेच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, साध्यांची दोरी एकदा जास्त उचलली. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा पासवाल्यांतला एक माणूस बोललाच.

"बाई, मोजतोय मी. आमची पाळी होती."

सोबत बायको आणि दोन मुली. नखांत पांढरा गिलावा बसलेला.

"पाच मिनिटं थांबा की."

"थांबायचं नसतं म्हणून तर पास घेतला. गवंडीकाम करतो मी, दोन वर्षांनी ही एक सुट्टी. आम्ही काही फुकट घुसलेलो नाही."

तेही खोटं नव्हतं. तेवढ्यात वरच्या केबिनमधून केडन उतरून आला. सव्वीस वर्षांचा, तिचा साहेब.

"ग्लेनिस, काय चाललंय? तीन होड्या जास्त गेल्यात साध्यांच्या. वर आकडे दिसतात गं मला."

"माझी चूक झाली. वल्हं जुन्या जागी दिलं. आता त्या दोघीच उरल्यात, केडन. एक होडी. मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द तू दिलास. यांना पावती आपण दिलीय." तो हळू बोलत होता, रागानं नाही. "पाचला पंप आपोआप थांबतात. एकच होडी आहे. सरक, मी करतो."

दोघी आणि चौघं मिळून सहा, आणि जागा चार. त्यानं उजवी दोरी उचलली. गवंडी बसताना म्हातारीकडे बघायचं टाळत होता. धाकटी मुलगी मात्र टक लावून वल्ह्याकडे बघत होती.

ग्लेनिस दोघींजवळ गेली. "मी चुकले," ती म्हणाली. "साडेचारलाच कळलं होतं मला. सांगितलं नाही."

लोसाचं तोंड लाल झालं. "अहो, मग उभं कशाला ठेवलंत? माझ्या आईला..."

"गप गं," सीउलागी म्हणाली. तिचं लक्ष वर होतं. होडी खडखडत चढली, टोकावर क्षणभर थबकली आणि कोसळली. पाणी कठड्यापर्यंत उडालं, पण तिच्यापर्यंत पोचलं नाही.

"असं होय," म्हातारी म्हणाली. "बरीच जोरात येते की."

मग तिनं वल्हं पुढं केलं. "तुला सांगू का, पोरी? रांगेत राहून काही मिळतं यावर माझा विश्वास कधीच नव्हता. पण तू हे हातात दिलंस, म्हणून आज विश्वास बसला."

लोसानं तिचा दंड धरला. दोघी सावकाश, नळाजवळचा खांब ओलांडून, दाराकडे निघाल्या. पाच वाजले. पंप थांबले.

ग्लेनिसनं खिडकीखालून टॉवेल काढला आणि वल्हं पुसायला घेतलं. पातं पुसलं, दांडा पुसला, मनगटाची दोरी पिळली. पाणी आलं नाही. तरी तिनं ते पुन्हा एकदा पुसलं आणि खिळ्याला टांगलं.