मला काढा

वजनमापं तपासण्यात ह्यांची पस्तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ह्यांनी मेलची यादी काढली. जुने सहकारी, आमचे व्याही, दातांचे डॉक्टर, धाकटे भावजी. पत्ता हाती लागला की माणूस यादीत. विचारायची पद्धतच नाही. रोज चहाच्या आधी एकशे सत्तर जणांना गुडघेदुखीवरचा उपाय जायचा आणि वर मथळा, 'अत्यंत महत्त्वाचे'.

"मला काढा," असं कुणी लिहिलं की हे त्याला काढायचे आणि आठवड्याने परत घालायचे. भावजींना चारदा घातलं. "सख्ख्या भावाला माझी यादी नको, म्हणजे मीच नको," असं ह्यांचं म्हणणं. मी सांगून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भावजींनी घर बदललं, फोन बदलला आणि नवा नंबर काही दिला नाही. राहिला तो मेलचा पत्ता.

मंगळवारी पहाटे हे गेले. "काका आल्याशिवाय बाबांना न्यायचं नाही," मुलगी म्हणाली. तिने ह्यांच्याच मेलवरून सगळ्या यादीला कळवलं. मथळा दिला, 'दुःखद बातमी'. हा मथळाही ह्यांनी साखर महागली तेव्हा वापरून ठेवला होता.

दहा वाजता भावजींचं उत्तर आलं. "दादा, हात जोडतो. तुझे मेल मी न उघडताच पुसतो. मला काढ."

मुलीने पुन्हा लिहिलं, मग आणखी एकदा. चार वाजेपर्यंत थांबलो. खांदा द्यायला आलेली माणसं घड्याळं बघायला लागली, तेव्हा नेलं.

तिसऱ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. एवढं नको होतो ना आम्ही, मग घ्या. यादी उघडली आणि भावजींचं नाव काढून टाकलं. काढलेल्याला यादीकडून आपोआप एक पत्र जातं, हे मला कुठे माहीत? वर मथळा, 'आपल्या विनंतीनुसार आपले नाव वगळले आहे', आणि खाली ह्यांची सही.

हे पत्र मात्र भावजींनी उघडलं. दहा मिनिटांत उत्तर आलं.

"ऐकलंस एकदाचं. माझंही चुकलंच, दादा. रविवारी येतो. वहिनीला सांग, जेवायलाच येतोय."