पाचोळ्याखालचं बिऱ्हाड

मित्रांनो, मी पोवळा जातीची एक म्हातारी सापीण आहे. राधानगरीच्या रानाला लागून भातशेती आहे, तिच्या कडेच्या फणसाखाली कुजक्या पाचोळ्यात माझं आयुष्य गेलं. पाठ मातकट आणि पोट पोवळ्यासारखं लाल, म्हणून हे नाव. मी करंगळीहून बारीक, पण विषारी. नागाला पंचमीला लाह्या मिळतात, आमचं नावही कुणी घेत नाही. आता त्याचा रागही येत नाही. मातीत तोंड खुपसायचं, गांडुळासारखे दिसणारे बिनविषारी वाळे शोधायचे, खायचे आणि पडून राहायचं, एवढाच माझा संसार.

उन्हाळ्यात मात्र जीव नकोसा होई. भाताचं रोप टाकायच्या जागेला इथे तरवा म्हणतात. त्यावर पाचोळा पसरून, तो पेटवून जमिनीची भाजणी करायची, म्हणून माणसं सगळं रान झाडून नेतात. दर वर्षी बिऱ्हाड उचलायचं, दुसरीकडे मांडायचं. हलवून हलवून मी थकून गेले.

२००३ साली मात्र मी हललेच नाही. फणसाखाली माझी अंडी होती. एका सकाळी शेताची मालकीण असलेल्या शालूबाईने खराट्याने पाचोळा ओढला आणि मला अंड्यांसकट पाटीत भरलं. तरव्यावर पाटी पालथी झाली, तशी मी उघडी पडले. घाबरलो की आम्ही शेपटी दुसऱ्या तोंडासारखी वर करून तिची लाली दाखवतो, तशी मी दाखवली.

"दुतोंड्या हाय त्यो! ऱ्हाऊ दे, जळंल तिथंच," तिचा नवरा सयाजी काडेपेटी काढत ओरडला.

"अवं, दुतोंड्या कशाचा? वाळा हाय की! गरीब जीव, जाळताय व्हय?"

माझ्याच जेवणाचं नाव मला देऊन तिने मला उघड्या हाताने उचललं. तिच्या बोटांची बेचकी माझ्या तोंडाशी होती. एक चावा पुरला असता. पण तो हात मला वाचवायला आला होता, आणि खरं सांगू, चावण्याचंही त्राण उरलं नव्हतं. तिने मला बांधापलीकडे अलगद सोडलं.

"जा बाबा, सुखानं ऱ्हा," ती म्हणाली.

मग सयाजीने काडी लावली. अंडी त्याच ढिगात होती.

शालूबाईवर माझा राग नाही. तिला अंडी दिसली असती तर तिने तीही उचलली असती. म्हणून सांगते, मित्रांनो, साप दिसला तर हात लावू नका, मारू नका, लांब व्हा. आणि पाचोळा खुशाल न्या, पण एका झाडाखालचा तसाच राहू द्या. माझी अंडी घालायची वर्षं सरली. पण त्या पाचोळ्याखाली दुसऱ्या कुणाची असतील.