हद्दीवरची मोळी

मित्रांनो, मी एक जुना डोंगरमाथा आहे. माझ्या दगडांत आजही शिंपल्यांचे ठसे सापडतात, कारण एके काळी मी समुद्राचा तळ होतो. चढून दमलेली माणसे हे ऐकून हसतात. हसू देत.

दोन खोऱ्यांतली माणसे माझ्या खांद्यावरून ये-जा करीत. त्यांनी इथे एक दगडी खोपटे बांधले आणि एक रीत पाळली. जो इथले लाकूड जाळेल, त्याने पुढच्या खेपेला मोळी आणून ठेवायची. मला त्या रीतीचा फार अभिमान होता.

मग मोजणीदार आले. दोन प्रांतांची हद्द त्यांनी माझ्यावरून नेली आणि खोपटाच्या जमिनीवर नेमकी मधोमध पांढरी रेघ ओढली. तेव्हापासून छप्पर गळले, तर ते पलीकडच्यांचे. दार मोडले, तर तेही पलीकडच्यांचे. मोळीही अशीच एकमेकांवर ढकलली गेली. माझ्यावरून ढकललेले सगळे कुठेतरी खाली पोचते. ही जबाबदारी मात्र कुठेच पोचली नाही.

एका हिवाळ्यात एक सुईण दुसऱ्या खोऱ्यातल्या भाचीच्या बाळंतपणाला निघाली आणि बर्फाच्या वादळात सापडली. कशीबशी खोपटात शिरली, तर चूल थंड आणि लाकडांचा कोपरा रिकामा. माझ्या अंगावर झाड उगवत नाही. एवढा मोठा मी, पण तिला एक काटकी देता येईना. मला माझ्या उंचीची लाज वाटली.

वादळ ओसरल्यावर पलीकडचा म्हातारा मेंढपाळ वर आला. तिला पाहताच त्याने हातातली काठी मोडून पेटवली.

"ताई, इथं लाकूड नव्हतं?"

"मला वाटलं, तुम्ही ठेवलं असेल."

म्हाताऱ्याने काठीचा उरलेला तुकडा आगीत सरकवला. "आम्हाला वाटलं, तुम्ही."

ती वाचली. पण भाचीचे बाळ दुसऱ्याच कुणी हातात घेतले, आणि त्या गारठ्याने सुईणीच्या बोटांतली संवेदना कायमची गेली. दोन्ही खोऱ्यांतली किती लेकरे त्या बोटांनी अलगद झेलली होती! आता तिला स्वतःचे बटणही लावता येत नाही. मला फार वाईट वाटते.

बर्फ वितळल्यावर ती पुन्हा आली. पाठीवर मोळी होती, मोळीत म्हाताऱ्यासाठी नवी काठी खोचलेली होती. बोटांनी कडी निघेना, म्हणून तिने ती कोपराने सरकवून दार उघडले. आत जाऊन मोळी बरोबर त्या पांढऱ्या रेघेवर टाकली.

मित्रांनो, माझ्याकडे याल तेव्हा एक तरी लाकूड घेऊन या. कोणत्या बाजूला ठेवायचे, ते मात्र विचारू नका.